दात्यांनी डावीकडे बसावे

मकरंद आवटी भाषणाला उभा राहिला की सातव्या मिनिटाला रुमाल निघत. आधी बायकांचे, मग बायकांकडे बघून पुरुषांचे. सातव्या मिनिटाला तो थांबायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि आवाज जरा खाली आणून म्हणायचा, "यंत्रानं मला विचारलं, दोघींपैकी कुणाला वाचवू? आणि आम्ही, मी आणि ऋतुजानं, निवड केली नाही."

मग टाळ्या.

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. व्यासपीठावर बोलणाऱ्या माणसाच्या हिशेबानं निम्मं खरं हे प्रमाण काही वाईट नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून ठेवली होती. टाळ्या चालू असेपर्यंत ती समजूत टिकायची. गाडीत बसेपर्यंत नाही.

जोडपाळणा प्रतिष्ठानासाठी गेली चार वर्षं तो हे भाषण करत होता. हळद व्यापाऱ्यांच्या बैठकीत केलं, महिला मंडळाच्या हळदीकुंकवात केलं, एकदा तर द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात औषध फवारणीच्या प्रात्यक्षिकाच्या आधी केलं. तिथंही रुमाल निघाले, पण ते औषधाच्या वासानं असतील. प्रतिष्ठानाचं काम सरळ होतं. ज्या यंत्रामुळं आवट्यांच्या जुळ्या मुली वाचल्या, ते यंत्र जिल्ह्यातल्या एकेका तालुक्याच्या दवाखान्यात बसवायचं. तीन ठिकाणी बसलं होतं. आता जतची पाळी होती. जतहून अवघडलेली बाई सांगलीपर्यंत आणायची म्हणजे दीड-दोन तास जातात, आणि अशा बाळंतपणात दीड-दोन तास कुणाकडे नसतात. म्हणजे मकरंद खोटं बोलत होता ते चांगल्या कामासाठी. ही त्याची दुसरी समजूत. ही गाडीत बसल्यावरही थोडा वेळ टिकायची.

प्रतिष्ठानाच्या अध्यक्ष शुभदाताई शिरगुप्पे निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या आवाजाला माईक लागत नसे. वार्षिक कार्यक्रमाच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला, तेव्हा मकरंदनं तो कानापासून वीतभर लांब धरला.

"आवटीसाहेब, यंदा तुम्हाला कष्ट नाहीत की ओ! फिल्मच बोलणार."

"कसली फिल्म?"

"तुमच्या पोरींची. पोटातली! सात वर्षं पुरी झाली न्हवं का? कायद्यानं नोंद खुली होते आता. कंपनीनं त्या नोंदीवरनं पाच मिनिटांचं चलच्चित्र करून दिलंय. कुठल्या आठवड्यात कुठलं रक्त कुणीकडं गेलं, सगळं सेकंदासकट. ऋतुजानं न बघताच सही पण दिली; आम्ही पण तिथंच बघणार. तुम्हाला सरप्राइज द्यायचं म्हणत होती, मी आपली फुटले."

मकरंद म्हणाला, "वा."

* * *

जुळी एकाच बीजाची असली की बहुधा दोघांत एकच वार असते. वार म्हणजे आईच्या रक्तातलं अन्नपाणी बाळाला पोचवणारा तो थुलथुलीत गोळा. एका वारेवर दोन नाळा. आणि वारेच्या पृष्ठभागावर, या नाळेच्या शिरा आणि त्या नाळेच्या शिरा यांना जोडणाऱ्या चोरवाटा. बहुतेक वेळा या चोरवाटांमधली देवाणघेवाण बरोबरीची असते. पण काही जोड्यांमध्ये ती एकतर्फी होते. एक बाळ दुसऱ्याला नुसतं देत राहतं. देणारं सुकतं, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं, ते पिशवीला चिकटून बसतं. घेणाऱ्याचंही भलं होत नाही; एवढं रक्त हाकताना त्याचं एवढंसं हृदय थकतं. पूर्वी पोटात दुर्बीण घालून या चोरवाटा लेसरनं जाळून टाकत. ते एकदाच करता येई, आणि जळलं ते जळलं.

समवाह नावाचं हे यंत्र जाळत नव्हतं. तांदळाच्या कणीएवढ्या मऊ चुंबकी झडपा सुईवाटे त्या चोरवाटांमध्ये नेऊन बसवायच्या आणि आईच्या पोटावर एक पट्टा बांधायचा. पट्ट्यातल्या तारांच्या वेटोळ्यांनी झडपा उघडायच्या, मिटायच्या. पट्ट्यातूनच सोनोग्राफी चालू. दर काही सेकंदांनी यंत्र दोघांकडचा प्रवाह मोजणार आणि वाटप सुधारणार.

हे सगळं डॉक्टर नदाफांनी सांगितलं तेव्हा ऋतुजाला काही कळलं नाही. मग तिच्या वडिलांनी, अप्पांनी, सांगितलं. अप्पांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली होती.

"वार म्हणजे धरण समज," ते म्हणाले. "दोन कॅनॉल. मधे कुणीतरी चोरून पाट फोडलेत. हे काय करणार, तर त्या पाटांना दारं बसवणार. आणि दारावर आपला माणूस. झालं."

"कुणाला आधी देणार पाणी, अप्पा?"

"टेलला, शेवटच्या टोकाला. पाळी नेहमी टेलपासून. हेडवाला काय, पाणी उशाला घेऊनच झोपतो. मरतो तो शेवटचा."

पुढं मुलींची नावंही अप्पांनीच ठेवली. थोरली चणीनं मोठी, ती कृष्णा. धाकटी, जी पोटात नुसती देत राहिली होती, ती वारणा. "हरिपूरला वारणा आपलं सगळं पाणी कृष्णेला देते," ते बारशाला म्हणाले, "आणि पुढं तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही. म्हणून आपल्या घरात तिचं नाव आधी घ्यायचं." तेव्हापासून आवट्यांच्या घरात हाक मारताना 'वारणा-कृष्णा' असंच म्हणत. चुकून उलटं म्हणणाऱ्या पाहुण्याला अप्पा पहिल्यापासून म्हणायला लावत.

* * *

त्या दिवशी दुपारी काय झालं हे मकरंदला सेकंदासकट आठवत होतं. यंत्रापेक्षा तो कमी नव्हता.

चोविसावा आठवडा होता. पिशवीचं तोंड उघडायला लागलं म्हणून ऋतुजाला टाका घालायला आत घेतलं. पूर्ण भूल द्यायची होती. आत जाताना तिनं त्याचं मनगट धरलं. "यंत्रानं काही विचारलं तर समान. काय वाट्टेल ते होऊ दे. दोघींना समान. वचन?"

"वचन," तो म्हणाला.

भुलीनं तिचा रक्तदाब घसरला आणि वारेतला प्रवाह कोलमडला. डॉक्टर नदाफांचे दोन्ही हात कामात होते. शिवाय कायद्यानं डॉक्टरला निवड करता येत नव्हती; दोन जिवांमधून एक निवडणं हा उपचार नाही, असं कोर्टानं पूर्वीच म्हणून ठेवलेलं होतं. निवड संमतिधारकाची. बाहेरच्या बाकावर बसलेल्या संमतिधारकाच्या हातातला फोन थरथरला.

*समतोल अशक्य. निर्णय अपेक्षित. अवधी : २४० सेकंद. प्रतिसाद न आल्यास समविभाग कायम राहील.*

खाली दोन चौकटी. *समविभाग : उभयतांची शक्यता शेकडा पंचावन्न. ग्रहीता अग्रक्रम : एकाची शक्यता शेकडा ब्याण्णव.*

म्हणजे वचन पाळायला त्यानं काहीही करायचं नव्हतं. फोन उपडा घालून बाकावर ठेवला असता, भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत बसला असता, नाक शिंकरलं असतं, तरी वचन पाळलं गेलं असतं. दोनशे चाळीस सेकंद नुसतं बसायचं. सरकारी नोकरीत हा त्याचा सरावाचा भाग होता.

एकशे सत्तेचाळिसाव्या सेकंदाला त्यानं *ग्रहीता अग्रक्रम* दाबलं.

का दाबलं याला त्यानं पुढं पुष्कळ उत्तरं तयार केली. पंचावन्नला भ्यालो. दोघीही गेल्या असत्या तर ऋतुजा जगली नसती. सगळी उत्तरं ऐकायला बरी होती. पण एक गोष्ट कुठल्याच उत्तरात बसत नव्हती. दाबल्यावर त्याला हलकं वाटलं होतं. परीक्षेचा पेपर वेळेआधी देऊन बाहेर पडल्यासारखं. एवढंसं, एक-दोन श्वासांपुरतं, पण वाटलं होतं.

आत ऋतुजाला डाव्या कुशीवर वळवलं, रक्तदाब चढला, प्रवाह जागेवर आला आणि यंत्रानं आपण होऊन पुन्हा समविभाग धरला. मधे अकरा मिनिटं गेली. दोघी जगल्या. वारणाचं डावं पाऊल जरा फरफटतं, त्यात ती आधारपट्टा घालते. ते अकरा मिनिटांमुळं झालं असं कुणी म्हणालं नाही. त्यामुळं झालं नाही असंही कुणी म्हणालं नाही, कारण मकरंदनं कुणाला विचारलं नाही.

ऋतुजा शुद्धीवर आली तेव्हा त्यानं तिच्या कानाशी वाकून पहिला शब्द सांगितला, "समविभाग."

तो शब्द पुढं घराचा झाला. सफरचंदाचे दोन भाग म्हणजे समविभाग. खिडकीची जागा अर्धी वाट तुझी, अर्धी वाट तिची, म्हणजे समविभाग. ऋतुजा देवाला नैवेद्य दाखवायची विसरेल, पण समविभाग विसरायची नाही.

* * *

फिल्मची बातमी कळल्यावर मकरंदनं सभ्य माणसं करतात ते सगळं केलं. म्हणजे ऋतुजाला सोडून बाकी सगळ्यांशी बोलला. कंपनीच्या मदतवाहिनीवर एक यंत्रबाई होती. ती शुद्ध मराठी बोलत होती. फारच शुद्ध.

"नोंदीतला एक छोटासा भाग वगळता येईल का?"

"आपली विनंती अग्राह्य आहे."

मकरंदनं डोळे मिटले. 'अग्राह्य' त्याचा होता. सरकारी परिभाषा विभागात नोकरी करताना, मुलींच्या जन्माच्या दोन वर्षं आधी, याच यंत्राची सगळी मराठी त्याच्या टेबलावरून गेली होती. कनिष्ठांनी कच्च्या मसुद्यात 'चालणार नाही' लिहिलं होतं. त्यानं ते खोडलं, कारण त्यात भारदस्तपणा नव्हता.

"अहो, फक्त अकरा मिनिटं."

"सदर नोंद अपरिवर्तनीय असून तीत फेरफार अनुज्ञेय नाही. आपण 'अकरा मिनिटे' असे म्हणालात. आपणास कालावधीविषयी अधिक माहिती हवी आहे काय?"

"नको," मकरंद म्हणाला. तीही त्याला होती.

त्याच मसुद्यात कनिष्ठांनी दोन बाळांसाठी 'देणारं' आणि 'घेणारं' असे शब्द सुचवले होते. त्यापुढं समासात मकरंदच्या हस्ताक्षरात शेरा होता : *बोलीभाषा. टाळावी.* आणि त्याखाली : *दाता. ग्रहीता.*

शनिवारी संध्याकाळी जेवताना त्यानं प्रयत्न केला. वारणा त्या दिवसांत दिसेल ते वाचायची. ताकाच्या पिशवीवरची मुदत, पंख्यावरचा शिक्का, अप्पांच्या गोळ्यांची पाकिटं. पुरणपोळीचा मोठा तुकडा मकरंदनं नेहमीप्रमाणं तिच्या ताटात टाकला.

"बघ आई, बाबाचा समविभाग नाहीच कधी," कृष्णा म्हणाली. "तिलाच जास्त देतो."

"खरंच रे, का करतोस असं?" ऋतुजा हसत म्हणाली आणि तुकडा मोडून सारखा केला.

मुली हात धुवायला गेल्या. मकरंद म्हणाला, "ऋतुजा, टाका घातला ना तुला, त्या दिवशी…"

"हं."

"त्या स्क्रीनवरचे शब्द फार अवघड होते."

ऋतुजा खळखळून हसली. "तुझेच की! सोसा आता." आणि त्याच्या वाटीत ताक ओतलं.

तो ताक प्यायला. सात वर्षं वाट पाहिलेली संधी त्यानं एका वाटी ताकाबरोबर गिळली, आणि वर "मीठ कमी आहे" असंही म्हणाला.

* * *

रविवारी सकाळी नऊला कार्यक्रम, तो संपला की तिथून हरिपूरच्या संगमापर्यंत सगळ्यांनी चालत जायचं, असा बेत होता. मंगल कार्यालयाच्या दारात फळा होता : *दात्यांनी डावीकडे बसावे. इतरांनी उजवीकडे.* उजवीकडे फारसं कुणी बसत नव्हतं. डावीकडं खुर्च्या कमी पडल्या आणि दोन हळद व्यापारी भिंतीला टेकून उभे राहिले, पण उजवीकडे गेले नाहीत. प्रत्येक दात्याच्या छातीवर टाचणीनं एक केशरी फीत लावत होते, तिच्यावर छापलेलं : 'दाता'. बरोबर बेदाण्याचं पाकीट.

मकरंदनं चार वर्षांत भाषणापलीकडं काही दिलं नव्हतं, तरी त्याला दर वर्षी फीत मिळायची. आज त्यानं हात पुढं करून नको म्हटलं. फीत लावणाऱ्या बाईंना तो विनय वाटला. त्यांनी दोन टाचण्या लावल्या.

शुभदाताईंनी मुलींना व्यासपीठावर खुर्च्यांत बसवलं. अप्पा पहिल्या रांगेत, ऋतुजा त्यांच्या शेजारी. दिवे मंदावले.

फिल्म सुंदर होती, हे मान्य करायला हवं. काळ्या पडद्यावर दोन प्रवाह, एक तांबडा, एक नारिंगी. मधल्या चोरवाटा, त्यांत मोहरीएवढ्या झडपा लुकलुकताहेत. नारिंगी बारीक झाला की सभागृह "अगं बाई" म्हणायचं, भरला की सुटकेचा श्वास सोडायचं. विसावा आठवडा गेला. बाविसावा गेला. मकरंदनं बेदाण्याचं पाकीट फोडलं आणि एकेक बेदाणा खाऊ लागला. चव लागत नव्हती, पण हातांना काम होतं.

चोविसावा आठवडा. पडदा तांबूस झाला. मोठ्या अक्षरांत आलं :

*समतोल अशक्य. निर्णय अपेक्षित.*

*संमतिधारक : मकरंद आवटी (पिता).*

*निवड : ग्रहीता अग्रक्रम. १४७ वा सेकंद.*

नारिंगी प्रवाह दोऱ्याएवढा झाला. अकरा मिनिटांचे त्यांनी अकरा सेकंद केले होते. मकरंदनं ते मोजले.

आणि डाव्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्याला आधी कळेना. मग कळलं. पडद्यावर आवटीसाहेबांचं नाव आलं, त्याखाली 'निवड' आलं आणि त्यापुढं कुणाच्याही डोक्यात शिरणार नाही असा काहीतरी भारदस्त शब्द आला. म्हणजे साहेबांनी नक्कीच काहीतरी थोर केलं असणार. भिंतीला टेकलेला व्यापारी "वा!" म्हणाला. वीस वर्षं परिभाषेची सेवा केल्याचं हे फळ होतं. लोकांना कळू नये म्हणून जगात इतकं चांगलं काही सापडलं नसतं. मकरंद वाचला होता.

दिवे लागले. व्यासपीठावर वारणा उभी होती, पडद्यावर राहिलेल्या अक्षरांकडं बोट करून.

"ग्र… ग्रही… ग्रहीता. ताई, ग्रहीता म्हणजे काय हो?"

शुभदाताईंनी तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मकरंदकडं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. "ते… तांत्रिक आहे बाळ. चला, चहा झालाय."

"आणि माझं काय चाललं होतं तेव्हा? मी नारिंगी ना? माझं एवढंसंच का झालं?"

ऋतुजा उठली. मकरंदनं तिच्याकडं बघितलं आणि तिला कळलंय हे त्याला कळलं. तिचा चेहरा कुठल्याच बाजूला गेला नव्हता. अंगणातली दोरी बांधायच्या आधी हातात धरतात तसा तिनं तो धरून ठेवला होता.

"अगं, शब्दच तसले असतात ते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "घाईगडबडीत बाबाला कळलं नसेल. चुकून दाबलं गेलं असेल काहीतरी."

सभागृह हसलं. मराठी शब्दांवर हसायला लोकांना नेहमीच आवडतं. सरकारी मराठीची आपली आपली उदाहरणं एकमेकांना सांगायला सुरुवातही झाली.

दार उघडं होतं. तिनं स्वतः उघडून धरलं होतं. त्यानं फक्त मान डोलवायची होती, "हो ना, काय ते शब्द" म्हणायचं होतं. जन्मभर ती मुलींसमोर तेच म्हणाली असती. आणि त्या शब्दांचा बाप कोण हे तिला माहीत होतं, कालच तर हसली होती. ते दार तिनं त्याच्यासाठी उघडलं नव्हतं. व्यासपीठावर उभ्या असलेल्या पोरीसाठी उघडलं होतं.

पुन्हा एकदा त्याला काहीही करायचं नव्हतं. नुसतं बसायचं.

मकरंद उठला. माईकपर्यंत गेला. भाषणाची इतकी सवय की त्यानं आधी पाण्याचा घोट घेतला, आणि घेतल्याची त्याला लाज वाटली.

"तो शब्द माझा आहे," तो म्हणाला. "यंत्रात मीच लिहिलाय. मला कळला होता."

हसणं एकदम थांबलं नाही. पावसाची सर जाते तसं मागच्या रांगांपर्यंत जात जात थांबलं.

"ग्रहीता म्हणजे घेणारं," तो वारणाला म्हणाला. "कृष्णा."

"आणि मी?"

"तू दाता. देणारी."

"मी दिलं?"

"हो. रक्त."

वारणानं कृष्णाकडं बघितलं. कृष्णानं चोरी पकडल्यासारखे हात मागं घेतले.

"मग यंत्रानं तुला काय विचारलं?"

"दोघींना सारखं द्यायचं की एकीला."

"मग तू आईला म्हणालास ना, समविभाग."

"आईला तसं म्हणालो." माईक होता म्हणून ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "दाबलं होतं दुसरं. कृष्णाला द्या म्हणालो मी. तुझं काढून. अकरा मिनिटं."

कुठंतरी बेदाण्याचं पाकीट वाजलं. पहिल्या रांगेत अप्पांनी कानातलं यंत्र बोटानं दाबून नीट बसवलं, जणू ऐकण्यात काही चूक झाली असेल. मग त्यांनी हात खाली घेतला.

"टेलचं तोडलंत, मकरंदराव," ते म्हणाले. एवढंच. चाळीस वर्षांत कॅनॉलवर कुणाला याहून मोठी शिवी त्यांनी दिली नव्हती.

"सगळ्यांनी चहा घ्यावा," शुभदाताई म्हणाल्या. आवाज परत आला होता. लोक मोठ्या कृतज्ञतेनं चहाकडं गेले.

* * *

चालायचं की नाही यावर बाहेर कुजबुज चालली होती. ऋतुजा मांडवाच्या खांबाशी उभी होती. मकरंद तिच्यापासून चार हातांवर थांबला. त्याहून जवळ कसं जायचं हे त्याला माहीत नव्हतं.

"शुद्धीवर आले तेव्हा पहिला शब्द तू तो बोललास," ती म्हणाली.

"हो."

"मला तेव्हा तो नीट कळला पण नव्हता रे. अर्धवट भूल होती. मी तुझ्या तोंडाकडं बघून समजून घेतला. काय बघितलं मी मग?"

त्याच्याकडं शब्द होते. तिनं नको म्हटलं असतं अशा भाषेतले.

"घरी गेल्यावर बोलू नकोस," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा बोल." आणि ती कृष्णाकडं गेली, कारण कृष्णा कोपऱ्यात उभी राहून, मी मुद्दाम घेतलं नव्हतं, असं शुभदाताईंना सांगत होती.

अप्पा रस्त्यावर काठी आपटत उभे राहिले. "चालायचं," ते म्हणाले. "जतच्या बायकांनी काय घोडं मारलंय? पाळी टेलपासून. वारणा पुढं. तिच्या पुढं कुणी जायचं नाही."

त्यामुळं जिल्ह्यातले मातब्बर हळद व्यापारी, बेदाणेवाले, डॉक्टर नदाफ आणि दोन नगरसेवक अशी रांग आधारपट्टा घातलेल्या सात वर्षांच्या मुलीमागं उभी राहिली. ती निघेना. रांगेच्या कडेकडेनं पाय ओढत ती मागं आली, थेट शेवटी. शेवटी मकरंद होता.

त्यानं खाली वाकायला सुरुवात केली. मिठी मारावी, माफी मागावी, की दोन्ही, आणि आधी कुठलं, हे ठरत नव्हतं.

वारणानं बोट त्याच्या छातीवर ठेवलं. वाचलं. "दा-ता."

"हो."

"हे काढ," ती म्हणाली. "हे माझं आहे."

दोन टाचण्या होत्या. एक पटकन निघाली, दुसरी बोटात गेली. तिनं थांबून बघितलं, घाई केली नाही. मग फीत घेतली, फ्रॉकला लावायला त्याच्याकडं न देता कृष्णाकडं नेली, आणि कृष्णानं ती जीभ बाहेर काढून, फार काळजीपूर्वक, उलटी लावली.

वारणा परत पुढं गेली आणि रांग चालू लागली. वारणाच्या चालीनं, म्हणजे फार हळू. तिच्या पुढं कुणी जाऊ शकत नव्हतं आणि मकरंदच्या मागं कुणी नव्हतं. त्याच्या सदऱ्यावर शेजारी शेजारी दोन भोकं राहिली होती. एक जरा मोठं होतं.